भरल्या कणगीचं औषध

यंदाचा श्रावण आमच्याकडं व्याख्यान घेऊनच आला. खोपोलीच्या आमच्या देवळात श्रावणी सोमवारी बायकांचं भजन असतं. पहिल्या सोमवारी भजनाआधी एका तरुण डॉक्टरला बोलावलं होतं, उपवासाचे शरीराला होणारे फायदे सांगायला. पोरगा गोड होता, बोलतही छान होता. पोटाला विश्रांती मिळते, रक्तातली साखर ताळ्यावर येते, साठलेली चरबी वापरली जाते, शरीर आतल्या आत झाडलोट करतं, डोकं तरतरीत होतं. बायका माना डोलावत होत्या. सकाळी साबुदाण्याची खिचडी आणि दुपारी रताळ्याचा कीस खाऊन आलेल्या बायका! शेवटी त्यानं विचारलं, "आज उपास कुणाकुणाचा आहे?" सगळ्यांचे हात वर गेले. माझा खालीच.

"आजी, तुम्हाला डॉक्टरांनी मना केलंय वाटतं?"

"मला कोण मना करतंय? मीच धरत नाही," मी म्हटलं. "आणि एक सांग बाबा, हे सगळे फायदे कुणाच्या शरीराला होतात?"

प्रामाणिक होता बिचारा. म्हणाला, "बरोबर आहे आजी. ज्यांचं वजन आधीच कमी आहे, जे तापानं आजारी आहेत, वाढत्या वयाची मुलं, गरोदर बायका, यांनी उपवास करू नये."

"मग हे शेवटी कशाला? आधी सांगायचं!"

बायका हसल्या, कुणीतरी टाळ वाजवला आणि भजन सुरू झालं. मी मात्र त्या दिवशी एकही अभंग नीट म्हटला नाही. बाहेर पाऊस धरून होता, घाटाच्या अंगावर ढग उतरले होते आणि मला सारखं आमचं जुनं माजघर दिसत होतं. तिथं सोनी निजलेली होती आणि तिला कुणी खायला देत नव्हतं.

आमचं गाव कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर. पुढं भातखाचरं आणि पाठीला डोंगर. माझे वडील खोपोलीच्या वीजघरात कामाला, सुट्टी मिळाली की घरी यायचे. घर चालायचं ते त्यांच्या थोरल्या भावाच्या शब्दावर. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सोनी त्यांची एकुलती लेक, माझ्याच वयाची. तिची आई तिच्या लहानपणीच गेली, म्हणून तिला वाढवलं माझ्या आईनं. आम्ही दोघी एका ताटात जेवलो आणि एका गोधडीत निजलो. पण लेक कुणाची विचाराल तर आबांची. तिच्या बाबतीत शब्द आबांचाच.

आता आबांविषयी आधीच सांगते, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी एका दुष्ट माणसाची गोष्ट सांगते आहे. आबा भले होते. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते लंघनासाठी. कुणाला ताप आला, पोट फुगलं, अंगावर पित्त उठलं की लोक आबांना बोलावत. आबा नाडी बघत, जीभ बघत आणि सांगत, "याला काय बी देऊ नका. सुंठीचं पानी द्या. भूक खरी लागली की मला सांगा." कुणाकडून कधी सुपारीचं खांडदेखील त्यांनी घेतलं नाही. आणि माणसं बरी होत! खोटं कशाला बोलू? लग्नसराईत बुंदी हाणून आडवे झालेले लोक, गौरीगणपतीत मोदकांवर मोदक चढवून कण्हणारे लोक, आबांनी उपाशी ठेवले की उठून बसत. पहिल्या दिवशी डोकं ठणकतं, दुसऱ्या दिवशी तोंडाला घाण चव येते, पुढं जिभेवरचा पांढरा थर जातो, डोळे निवळतात आणि माणूस म्हणतो, "आबा, पेज मागावीशी वाटते." तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर काय समाधान असायचं! शरीराला आपलं आपण नीट होता येतं, आपण मधे मधे करू नये, असं त्यांचं म्हणणं. आज तो डॉक्टर पोरगा जे बोलला, ते आबा त्यांच्या भाषेत तेव्हाच बोलत होते.

पण ती माणसं कसली होती, हे कुणी बघितलं नाही. खाऊन आजारी पडलेली माणसं होती ती. घरात भाताची कणगी भरलेली, अंगावर मांस भरलेलं. त्यांना चार दिवस उपाशी ठेवलं तर त्यांचं बिघडतंय काय!

मग लढाईची वर्षं आली. लढाई कुठं दूर, आम्ही नकाशातसुद्धा बघितली नव्हती. आमच्यापर्यंत ती पोचली ती आमच्या पोटाच्या वाटेनं. सरकारी माणसं येऊन खळ्यावरचं भात मापून नेत. दुकानातून साबुदाणा नाहीसा झाला, जिकडून त्याची जहाजं यायची तो मुलूख म्हणे जपान्यानं घेतला. रॉकेल नाही, साखर नाही, लुगडी नाहीत. आणि भाताच्या मुलखात भात नाही! दारात हिरवीगार खाचरं डुलतायत आणि घरात कणगीच्या तळाला हात घातला की बांबूच्या कामट्या लागतायत, हे ज्यानं सोसलं नाही त्याला भादव्यातली भूक कळायची नाही. जुनं संपलेलं, नवं अजून दुधात. मधल्या दिवसांत टाकळा, कुर्डू, भारंगी, जे उगवेल ते उकडायचं आणि पेज इतकी पातळ करायची की तीत आपलं तोंड दिसावं. आई म्हणायची, "बायांनो, फुंकर मारून पिऊ नका, शितं पळतील." आम्ही हसायचो. हसताना सोनीच्या गळ्याची हाडं वर यायची.

अशा वर्षीसुद्धा श्रावणातले सोमवार कुणी सोडले नाहीत. एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात ते हेच. आम्ही पोरी तर आनंदानं उपास धरायचो. कारण सांगू? सोमवार सूर्यास्ताला सुटतो आणि सुटताना पानात भात पडतो. आई कुठून कुठून राखून ठेवलेला तांदूळ त्या दिवशी काढायची. एका संध्याकाळच्या भातासाठी आम्ही दिवसभर बेणणीला, भातातलं तण उपटायला, खाचरात वाकायचो. सकाळी काही वाटत नसे. उन्हं चढली की पोटात कावळे ओरडत, मग तेही ओरडायचे थांबत. दुपारनंतर एक गंमत वाटायची, ती मी नाकारत नाही. अंग हलकं, कान साफ, लांबच्या बांधावरचं बोलणं ऐकू यायचं आणि विनाकारण हसू यायचं. सोनी मला म्हणायची, "तारे, मी आता उडेन गं." मग वाकलेली वर झाली की डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचायचे, आणि ती माझा खांदा धरून उभी राहायची. हातपाय गार. ओठ निळसर. आणि आम्हाला वाटायचं, हे पुण्य चढतंय!

गौरी गेल्या आणि सोनीला ताप आला. हटता हटेना असा, मुदतीचा. आबांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि सांगितलं, "लंघन."

मी तिच्या उशाशी बसायची. तेव्हा जे बघितलं ते आजही मला कुणी विचारावं. उपासाचे परिणाम ना? सांगते की. आधी ती भूक भूक करून रडली. मग रडायची थांबली आणि नुसती खाण्याच्या गोष्टी बोलायला लागली. नाचणीची भाकर, तिच्यावर भाजलेल्या बोंबलाचा तुकडा, आंबेमोहोराच्या भाताचा वाफाळलेला ढीग. डोळे मिटून बोलायची, आणि बोलता बोलता तोंड हलवायची. मग तेही थांबलं. तोंडाला कुजक्या फळासारखा वास यायला लागला. वेणी घालायला घेतली तर केस माझ्या हातात आले. पायाच्या नडग्या हाताला खरखरीत लागायच्या. कूस बदलायची तर दोघींनी बदलावी लागायची. आणि सगळ्यात भीती वाटली ती कशाची, तर आता तिला भूकच लागत नव्हती. आबा रोज विचारत, "सोने, भूक लागली?" ती मान हलवून नाही म्हणायची. आबा समाधानानं म्हणत, "ताप अजून आत हाय. थांबा." अहो, तापाचं काय सांगता, आत आता पोरगीच किती उरली होती!

आईला हे दिसत होतं. पण आई बोलणार कशी? धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, अशी तेव्हा रीत. पदर कपाळाखाली ओढायचा आणि काम असेल ते तिसऱ्याला सांगायचं. तिसरं कुणी नसेल तर? तर आमच्या माजघरात एक सागवानी खांब होता, त्याला सांगायचं! हसू नका, आमच्याकडं घरोघर असंच चालायचं. आई खांबाकडं तोंड करून म्हणायची, "खांबा, जेवन वाढलंय." आबाही खांबाला म्हणायचे, "खांबा, हात धुवून येतो म्हनावं." लग्न होऊन आली तेव्हापासून माझी आई त्या घरात राबत होती आणि आबांना तिचा आवाज फक्त खांबाच्या वाटेनं ठाऊक होता.

त्या भादव्यात खांबाला फार ऐकावं लागलं. "खांबा, पोरीचे डोळे आत गेले." "खांबा, पोरीला घोटभर भाताची पेज दिली तर?" आबा दर वेळी शांतपणे सांगत, "खांबा, तिला समजाव. तापाला खायला घातलं की ताप पोसतो. माज्या लेकीचं वाईट मी करीन का?" आई पदराआड दात आवळून चुलीकडं वळायची.

आणि एका सकाळी आई घरात दिसली नाही. मागच्या डोंगरावर ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथं ती गेली होती. पाऊस, निसरडी वाट, काखेत सुकटीची पुरचुंडी आणि मीठ. वाडीतली चांगुणा आमच्याकडं भातलावणीला यायची, आईची तिच्याशी मैत्री. डोंगरउतारावर त्यांची वरी व्हायची. तीच वरी, जिला तुम्ही भगर म्हणता आणि उपासाला खाता. नवी वरी अजून उभी होती. चांगुणाकडं टोपलीच्या तळाशी जुनी थोडी होती, तिच्या स्वतःच्या पोरांसाठी राखलेली. आईनं पुढं किती वेळा तिचं बोलणं आम्हाला सांगितलं. चांगुणा म्हणाली होती, "आमी रोज खातंव त्याला तुमी उपास म्हनतां. मंग आमाला देव कवाच भेटाय पायजे होता गं बाय!" आणि हसत हसत तिनं टोपली आईच्या पदरात उलटी केली. सुकट घेतली, मीठ घेतलं आणि वर म्हणाली, "पोर उठली का सांग."

आई भिजून आली ती तशीच चुलीपाशी बसली. वरी भाजली, जात्यावर भरडली, भरपूर पाण्यात शिजवली, मिठाचा खडा टाकला. भाजल्या वरीचा तो वास घरभर फिरला. मी सोनीकडं बघत होते. तिची नाकपुडी हलली. देवाशपथ हलली.

आई वाटी घेऊन माजघरात आली. आबा सोनीच्या पायाशी बसले होते. दारात शेजारच्या दोन बायका पोरीला बघायला आलेल्या. आबांनी वाटी बघितली आणि उठून उभे राहिले. सवयीनं खांबाकडं बघून म्हणाले, "खांबा, ती वाटी माघारी ने म्हनावं. लंघन मोडंल."

आईनं खांबाकडं बघितलंच नाही. पदर कपाळावरून मागं सारला आणि सरळ आबांच्या डोळ्यांत बघून बोलली, "भावजी, वरीनं सोमवार मोडतो का?"

दारातल्या बायकांनी तोंडावर हात धरले. आबा म्हणाले, "तू माज्याशी बोलतंस?"

"तुमच्याशीच. खांबाला काय लेक हाय? सांगा ना. वरीनं सोमवार मोडत नाय, एकादस मोडत नाय, शिवरात मोडत नाय. म्हादेवाचा उपास वरीनं मोडत नाय आनि तुमचा मोडतो? तुमी म्हादेवापेक्षा मोठे झाले काय?"

बोला! काय उत्तर होतं याला? जन्मभर उपासाचं माहात्म्य सांगितलेला माणूस, वरी उपासाला चालते हे नाकारणार कसा? दारातली एक बाई हळूच म्हणाली, "खरंच गं बाई, वरी तं चालते." आई तोवर सोनीचं डोकं मांडीवर घेऊन बसलीसुद्धा होती. चमचा कसला, बोट पेजेत बुडवून तिनं सोनीच्या ओठांवर फिरवलं. सोनीनं ओठ चाटले. पुन्हा बोट. पुन्हा. मग पळीच्या टोकानं थेंब थेंब. घाई नाही की हावरेपणा नाही. आबा भिंतीला टेकून बघत राहिले. आई त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "बसा आता. उभं राहून काय व्हतंय?"

पेजेनं ताप गेला असं मी म्हणत नाही. मी काही वैद्य नाही. ताप त्याच्या मुदतीनं गेला. पण तो गेला तेव्हा सोनी होती.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. नाही. दुसऱ्याच दिवशी आई म्हशीला पाणी दाखवायला गोठ्यात गेली आणि तिथून तिचा जो आवाज आला, तो सगळ्या आळीनं ऐकला. आबा पडवीत एकटे जेवत, घरात असेल ती भाकर त्यांच्याच ताटात जायची, वाढून बायकांनी आत जायचं अशी पद्धत. म्हशीच्या गव्हाणीत आईला नाचणीच्या भाकरीचे तुकडे दिसले. ओलसर, अर्धे चघळलेले. तिनं ओळखलं. सोनीचं लंघन सुरू झालं तेव्हापासून आबा जेवलेच नव्हते. ताटातलं सगळं गुपचूप म्हशीला घालत होते आणि सुंठीच्या पाण्यावर दिवस काढत होते. धोतराची निरी सारखी सैल होते म्हणून ते पुनःपुन्हा खोचायचे, ते आम्ही बघत होतो आणि कुणाच्या डोक्यात काही आलं नव्हतं.

"भादव्यात म्हशीला भाकर!" आई कडाडली. "पोरीला नाय, सवताला नाय, आनि म्हशीला! आमी इथं शितं मोजून पेज पितो, आनि ही बया भाकरी खाऊन माजली!"

आबा खाली मान घालून म्हणाले, "पोर उपाशी, आनि मी कसा जेवू?"

आळीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. केवढी माया, म्हणाल्या. पुढं वर्षानुवर्षं आमच्या नात्यात ही गोष्ट अशीच सांगितली गेली, आबांच्या मायेची गोष्ट म्हणून. आणि दर वेळी मला राग आला. आजही येतो. अहो, माया होती हे कबूल. माझ्यापेक्षा जास्त कुणी बघितली ती? पण मायेनं माणूस चुकायचा राहतो काय? आबा उपाशी राहिले ते त्यांच्या मर्जीनं. उपास नको वाटला असता, त्या दिवशी त्यांनी भाकर तोंडात घातली असती, म्हशीला काही बोलायची सोय नव्हती. सोनीला ती मर्जी कुठं होती? तिला कुणी विचारलं? उपास करणं आणि उपाशी ठेवलं जाणं, या दोन्हींत पोट सारखंच रिकामं असेल, पण पहिल्यात माणूस आपल्या घरचा राजा असतो आणि दुसऱ्यात दुसऱ्याच्या दारचा कैदी. शरीराला हा फरक कळतो. कुणी काही म्हणा, मला तरी तो सोनीच्या डोळ्यांत दिसला होता.

आईनं आबांना तिथंच, गोठ्याच्या उंबऱ्यावर बसवलं आणि उरलेली वरीची पेज त्यांच्या पुढं ठेवली. वर दम दिला, "माज्यासमोर प्या." आबा प्याले.

तेव्हापासून मी एकही उपास धरला नाही. लग्न होऊन खालापूरकडच्या घरी आले, पहिलीच हरतालिका. सासूबाईंनी सकाळी सांगितलं, "तारा, आज पान्याचा थेंब बी घ्यायचा नाय." मी म्हटलं, "मी जेवनार हाय." सासूबाई म्हणाल्या, "अगं, नवऱ्याचं आयुष्य कमी होईल!" मी नवऱ्याकडं बघितलं. तो गालातल्या गालात हसत होता. म्हणाला, "जेऊ दे गं आये तिला. माजं आयुष्य तिच्या पोटात कशाला ठेवतंस?" पुढं तो चांगला म्हातारा झाला, दात पडले, पाठ वाकली, शेवटपर्यंत माझ्याशी भांडला. उपास न धरणाऱ्या बायकोच्या नवऱ्यानं आणखी किती जगायचं? सासूबाई मात्र दर हरतालिकेला माझ्याशी अबोला धरायच्या आणि संध्याकाळी चक्कर येऊन माझ्याच मांडीवर पडायच्या. मी त्यांना लिंबाचं सरबत पाजायची. त्या प्यायच्या आणि पुन्हा अबोला.

मी उपासाच्या विरुद्ध नाही, हे त्या डॉक्टर पोरालाही मी भजनानंतर सांगितलं. ज्याचं पोट सुटलंय, ज्याच्या फडताळात चार दिवसांचा फराळ आहे, त्यानं खुशाल करावा. हलकं वाटेल. आम्हालाही वाटायचं. माझ्या सुनेला त्यानं बरं वाटतं, मी तिला कधी हटकत नाही. पण लंघन हे भरल्या कणगीचं औषध आहे. रिकाम्या कणगीला ते पाजलं की मरण. आबांचं औषध खोटं नव्हतं, त्यांनी कणगीत हात घालून बघायचं राहिलं. आजही कुणी मला उपासाचं कौतुक सांगायला लागलं की मी आधी विचारते, तुमच्याकडं काय काय शिजतं? लोकांना वाटतं म्हातारी खवचट आहे. असू दे.

त्या वर्षी आश्विन आला. हळवं, लवकर पिकणारं भात कापणीला आलं, वाऱ्यावर लोंब्या सळसळायला लागल्या आणि उन्हाला तो भाजका वास आला. चांगुणा नवी वरी घेऊन उतरली आणि सोनीच्या गालाला हात लावून गेली. सोनीच्या डोक्यावर बारीक बारीक नवे केस उगवले होते. आम्ही तिला ओसरीवर उन्हात बसवायचो. एके दिवशी घरात नव्या तांदळाची पहिली पेज झाली होती, दाट, वर साय धरलेली. सोनी वाटी दोन्ही हातांत धरून पीत होती. आबा येऊन तिच्यापुढं जमिनीवर बसले. मग त्यांनी विचारलं,

"सोने, माजा राग हाय का गं तुला?"

मी सोनीकडं बघितलं. आई दारात सूप घेऊन उभी होती, तिचेही हात थांबले. तेव्हाच्या पोरींनी बापाला काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं असायचं. नाय आबा, असं कसं, तुमी माज्या भल्यासाठीच केलं. आम्ही तेच ऐकायची तयारी केली होती. आबांनीही केली असावी, कारण ते थोडंसं हसले.

सोनीनं वाटी तोंडाला लावून संपवली. ओठ पुसले.

"हाय," ती म्हणाली आणि रिकामी वाटी बापापुढं धरली. "जा, भरून आन."

आबा उठले. जन्मात कधी चुलीपाशी न गेलेला तो माणूस वाटी घेऊन आत गेला.